हॉर्निमन सर्कलचा सौदा

मुंबईत फोर्टात एशियाटिक सोसायटीच्या पायऱ्यांवर टेकून समोर पाहिलं, की एक गोल बाग दिसते आणि तिच्यापलीकडे चंद्रकोरीसारख्या वळलेल्या, एकाच घाटाच्या इमारती. हे हॉर्निमन सर्कल, पूर्वीचं एल्फिन्स्टन सर्कल. या देखण्या वर्तुळामागे जमिनीचा एक सौदा आहे.

त्याआधी इथे होतं 'बॉम्बे ग्रीन'. नावातच काय ती हिरवळ! कापसाचे गठ्ठे इथे येऊन पडत, त्यांची वजनं होत. १८४४ मध्ये कापसाचा बाजार कुलाब्याला हलला आणि हे मैदान शहराचा उकिरडा झालं. नारळाच्या करवंट्या, झावळ्या, नाही नाही तो केर, आणि तोही थेट टाऊन हॉलच्या दारात.

इथे गोलाकार चौक करावा हे सुचलं ते कुणा इंजिनिअरला नव्हे, पोलीस कमिशनर चार्ल्स फोर्जेट यांना. गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी कल्पना उचलून धरली, पुढे सर बार्टल फ्रिअर यांनीही. म्युनिसिपालिटीने सगळी जागा विकत घेतली, तिचे प्लॉट पाडले आणि इंग्रज व्यापारी पेढ्यांना चांगल्या नफ्यात विकले. बांधकामाचा खर्च पेढ्यांचा. पण दर्शनी भाग सारखे, खाली कमानींतून चालायला सावली. जमीन विकली, तरी रस्त्याची शोभा मालकांच्या मर्जीवर सोडली नाही. मधला गोल तर विकलाच नाही. १८७२ मध्ये तिथे बाग पुरी झाली.

आता, म्युनिसिपालिटी म्हणजे कोण? १८५८ च्या कायद्याने आलेले तीन कमिशनर. करदात्यांना प्रतिनिधी निवडण्याचा हक्क मिळाला तो १८७२ च्या कायद्याने. म्हणजे हा सौदा झाला तेव्हा ज्यांचं गाव, त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. सौदा चांगला उतरला म्हणून ही गोष्ट विसरायची नाही, असं मला वाटतं.

कारण त्याच सुमाराला पश्चिमेच्या किनाऱ्यावर दुसरा खेळ चालू होता. बॅक बेचा समुद्र भरून जमीन काढायला कंपनी निघाली. मुंबई सरकार स्वतःच तिचे ४०० शेअर घेणार होतं! हिंदुस्थान सरकारने नकार दिला, तेव्हा ते लिलावात काढले. पाच हजारांच्या एकेका शेअरवर २६,५०० रुपये चढे मिळाले, एकूण एक कोटी सहा लाख. पुढे तोच शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. अमेरिकेतलं युद्ध संपलं, कापसाचे भाव कोसळले आणि १ जुलै १८६५ ला सट्ट्याच्या वायद्यांबरोबर सगळा डोलारा बसला. माणसं धुळीला मिळाली, कंपनी बुडाली. भरलेली जमीन सरकारकडे गेली, तिच्यावर रेल्वे धावली.

सर्कलमध्ये मात्र आधी जमीन हातात होती, मग गिऱ्हाईक. बॅक बेत जमीन समुद्राखाली आणि गिऱ्हाईक रांगेत!

स्वातंत्र्यानंतर सर्कलला बेंजामिन हॉर्निमन यांचं नाव मिळालं. 'बॉम्बे क्रॉनिकल'चे हे संपादक. १९१९ मध्ये सरकारने त्यांना हद्दपार केलं होतं. ज्या चौकाचे प्लॉट इंग्रज पेढ्यांनी घेतले, त्यावर नाव लागलं ते इंग्रज सरकारला नकोशा झालेल्या एका इंग्रजाचं.