जलपर्णीखालचं न दिसणारं शेवाळ

जलपर्णी परदेशातून आली, हे आपण कुठेतरी ऐकलेलं असतं. पण तिच्या माहेरी ती कशी नांदते, हे कोणी सांगत नाही. तिचा इतिहास वाचताना मी याच प्रश्नाशी अडकलो.

माहेर म्हणजे ॲमेझॉनचं खोरं. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल फॉन मार्टियस १८१७ ते १८२० या काळात ब्राझीलमध्ये फिरला आणि १८२३ साली त्याने या वनस्पतीचं शास्त्रीय वर्णन छापलं. तिथे मनौसजवळ नदीची पातळी वर्षभरात सरासरी १० मीटर चढते-उतरते. पूर आला की जलपर्णी आणि पाणगवतांची तरंगती कुरणं पसरतात. पाणी ओसरलं की त्यातली बरीचशी वाहून जातात किंवा काठावर वाळतात. म्हणजे जलपर्णीचं छप्पर तिथेही असतं, पण ते दरवर्षी मोडतं.

या छपराचा खरा परिणाम होतो शेवाळावर. दाट पानांखाली उजेड पोचत नाही, त्यामुळे पाण्यात मोकळं तरंगणारं सूक्ष्म शेवाळ उपाशी मरतं. शिवाय पाण्यातला नायट्रोजन आणि फॉस्फरसही झाड ओढून घेतं. पण त्याच झाडाच्या दाढीसारख्या मुळांवर, जिथे कडेने उजेड येतो तिथे, चिकटून राहणारं शेवाळ वाढतं. त्यात डायटम असतात, आणि त्यांच्यावर चरणारे छोटे जीव. थोडक्यात, कोणतं शेवाळ कुठे जगेल हे बऱ्याच अंशी झाड ठरवतं.

मग नदीतले मासे कोणाच्या जिवावर जगतात? डोळ्यांना तर सगळीकडे झाडंच दिसतात. १९८६ साली कार्लोस अराउजो-लिमा आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये याचं उत्तर दिलं. ॲमेझॉनमध्ये गाळ खाऊन जगणाऱ्या माशांच्या शरीरातला कार्बन त्यांनी समस्थानिकांच्या साहाय्याने तपासला. त्याचा माग मुख्यतः सूक्ष्म शेवाळापर्यंत गेला. ढिगाने दिसणारी पाणवनस्पती नव्हे, तर न दिसणारं शेवाळ माशांना पोसत होतं.

आता हीच वनस्पती बंगालमध्ये बघा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिच्या जांभळ्या फुलांवर भाळून लोकांनी तिला जगभर नेलं आणि ती बंगालच्या संथ खाड्या-बिलांतही पोचली. पहिल्या महायुद्धाच्या काळात लोक तिला ‘जर्मन पाना’ म्हणू लागले, म्हणजे शत्रूची पाणवनस्पती! १९२१ साली सरकारने समिती नेमली, अध्यक्ष होते जगदीशचंद्र बोस. १९३६ साली खास जलपर्णी कायदा आला. १९३७च्या निवडणुकीत ती हटवण्याची आश्वासनं दिली गेली. होड्या अडत होत्या, भाताची शेतं बुडत होती. लोकांचा राग अगदी रास्त होता. पण पृष्ठभागावरच्या या लढाईखाली आणखी एक नुकसान चाललं होतं. छप्पर मोडत नव्हतं, म्हणून खाली उजेड नव्हता. झाड कुजलं की प्राणवायूही कमी होत होता.

आज पुण्यात मुळा-मुठा, पिंपरी-चिंचवडमध्ये पवना, आळंदीला इंद्रायणी. धरणं आणि बंधाऱ्यांमुळे उन्हाळ्यात प्रवाह मंदावतो, आणि सांडपाणी मात्र बारा महिने येतं. अशा खुराकावर जलपर्णी दोनेक आठवड्यांत दुप्पट होऊ शकते. म्हणून यंत्रं उतरतात, ट्रक भरतात. काढावीच लागते, कारण डास होतात आणि पाणी अडतं. पण छप्पर निघालं आणि फॉस्फरस तसाच राहिला, तर उघड्या पाण्यात आयता उजेड मिळून तरंगतं शेवाळ माजतं, त्यात नीलहरित शेवाळही आलं. काढलेला ढीग काठावरच कुजू दिला तर खुराक परत नदीतच.

आमच्या धंद्यात याला म्हणतात, एरर मेसेज लपवला म्हणजे बग गेला असं नाही. जलपर्णी हा तो मेसेज आहे. ॲमेझॉनमध्ये दरवर्षीचा पूर छप्पर मोडतो. आपल्याकडे ते काम यंत्रांवर आलं, पण खुराक बंद करायचं काम यंत्रांचं नाही. ते सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांचं, आणि त्यांच्यासाठी हिशेब मागणाऱ्या आपलं.

नदी साफ झाल्याचा फोटो पुढच्या वेळी दिसला, तर पाण्याचा रंग नक्की बघा.