ब्रेकची थरथर

ब्रेकची थरथर म्हणजे चालत्या मोटारीचा ब्रेक दाबताच स्टिअरिंग, ब्रेकचे पेडल किंवा आसन यांना जाणवणारे ठरावीक लयीतील कंपन होय. पुढील चाकांना डिस्क ब्रेक असलेल्या मोटारींत हा दोष विशेष आढळतो. वेग कमी होत जातो तशी कंपनाची लय मंदावते, कारण कंपनाचे मूळ चाकाबरोबर फिरणाऱ्या भागात असते. ताशी १०० किमी वेगाने जाणाऱ्या लहान मोटारीचे चाक सेकंदाला सुमारे १५ वेळा फिरते. पुढील चाकांच्या आधारयंत्रणेची स्वाभाविक कंप्रताही याच्याच जवळपास असल्यामुळे ताशी ८० ते ११० किमीच्या टप्प्यात थरथर सर्वाधिक जाणवते.

== कारणे ==

‘डिस्क वाकली’ हे गॅरेजमध्ये सर्रास सांगितले जाणारे निदान सोयीचे असले तरी बहुधा अपुरे असते. बिडाची डिस्क सामान्य वापरात सहसा वाकत नाही. तिच्या जाडीत जागोजागी फरक पडतो. डिस्क हबवर किंचित तिरकी बसली, तर प्रत्येक फेरीत तिचा तोच भाग पॅडला घासत राहतो. हे ब्रेक न दाबताही घडते. काही हजार किलोमीटरनंतर तो भाग इतर भागांपेक्षा पातळ होतो. मग ब्रेक दाबल्यावर जाड भाग पॅडमधून जाताना पिस्टन मागे ढकलला जातो, पातळ भागाशी पुढे सरकतो, आणि द्रवातील दाबाचा हा चढउतार पायापर्यंत पोहोचतो. जाडीतील ०.०२ मिमीच्या आसपासचा फरकही जाणवू शकतो.

डिस्क तिरकी बसण्याचे सर्वांत दुर्लक्षित कारण म्हणजे हबच्या पृष्ठभागावरील गंज. हबच्या कडेशी अडकलेला ०.०५ मिमी जाडीचा गंजाचा पापुद्रा डिस्कच्या बाहेरील कडेपाशी जवळपास दुप्पट डगमग निर्माण करतो. चाकाचे नट असमान आवळल्यानेही हाच परिणाम होतो. म्हणूनच केवळ डिस्क बदलून घेतलेल्या मोटारीत काही महिन्यांनी थरथर परतते आणि मालक नव्या डिस्कला दोष देतो.

दुसरा प्रकार उष्णतेचा आहे. लांब घाट उतरताना ब्रेक सतत दाबून ठेवल्यास डिस्क अतिशय तापते आणि पॅडमधील द्रव्य तिच्यावर विषम थरांत चिकटते. तापलेल्या ब्रेकनिशी गाडी उभी करून पेडल दाबून धरल्यास पॅडचा ठसाच डिस्कवर उमटतो. तापमान सुमारे ६५० अंश सेल्सियसच्या वर गेल्यास बिडात सिमेंटाइट या कठीण संयुगाचे डाग तयार होतात. ते कमी झिजत असल्याने पुढे उंचवटे होऊन राहतात. उतारावर खालचा गिअर वापरून इंजिनाचा रोध घेतल्यास हा प्रकार बराच टळतो.

== निदान ==

ब्रेक न दाबताही गाडी हादरत असेल, तर प्रथम टायर व चाकांचे संतुलन तपासावे लागते. केवळ ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरत असल्यास दोष बहुधा पुढील चाकांत असतो. स्टिअरिंग स्थिर राहून आसन व तळ हादरत असल्यास मागील चाकांत. मागे ड्रम आणि हाताने ओढायचा ब्रेक असलेल्या गाडीत मोकळ्या, सपाट जागी कमी वेगाने, बटण दाबून धरून तो हळूहळू ओढल्यास अंडाकृती झालेला ड्रम ओळखता येतो. निसरड्या रस्त्यावर जोराने ब्रेक दाबताना पायाला जाणवणारी जलद धडधड मात्र एबीएसची असू शकते व तो दोष नव्हे.

खात्रीचे निदान मोजमापानेच होते. चाक काढून डिस्क नटांनी हबवर घट्ट बसवतात आणि बाहेरील कडेपासून सुमारे १० मिमी आत डायल गेजचे टोक टेकवून ती हाताने फिरवतात. अनेक मोटारींत डगमगीची मर्यादा ०.०५ ते ०.१० मिमी असते. अंतिम आकडा निर्मात्याच्या पुस्तिकेचाच धरावा लागतो. त्याआधी चाकाच्या बेअरिंगमध्ये ढिलेपणा नसल्याची खात्री करावी लागते, अन्यथा मापन फसते. जाडी मायक्रोमीटरने सहा ते आठ ठिकाणी मोजतात. नियंत्रण आर्मचे झिजलेले बुश आणि ढिले बॉल जॉइंट थरथर निर्माण करत नाहीत, पण लहान थरथर मोठी करून दाखवतात.

== दुरुस्ती ==

पहिले काम हब तारेच्या ब्रशने धातू दिसेपर्यंत साफ करण्याचे. त्यानंतरही डगमग राहिल्यास डिस्क एक-दोन बोल्ट पुढे फिरवून बसवून पाहतात. दोन्ही भागांतील चुका काही वेळा परस्परांना खोडतात. जाडीतील तफावत मात्र लेथवर डिस्क सपाट करूनच जाते, आणि तेही कडेवर कोरलेल्या किमान जाडीच्या आत न जाता. डिस्क गाडीवर असतानाच सपाट करणारे यंत्र अधिक चांगले, कारण हबची चूकही त्यात जमेस धरली जाते. जाडी पुरेशी नसल्यास एकाच आसावरील दोन्ही डिस्क नव्या पॅडसह बदलतात. कॅलिपरच्या सरकत्या पिना अडकत असल्यास त्या साफ करून योग्य ग्रीस लावतात. हे टाळल्यास नव्या डिस्कचीही तीच गत होते.

चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने, टॉर्क पान्याने आवळतात. अनेक लहान मोटारींत हे मूल्य १०० न्यूटन-मीटरच्या आसपास असते. हवेच्या गनने एकाच दमात आवळलेले नट हे दोष परतण्याचे नेहमीचे कारण आहे. नवे पॅड बसवल्यावर मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगावरून पूर्ण न थांबता आठ-दहा वेळा ब्रेक लावतात आणि मग काही अंतर ब्रेक न वापरता गाडी चालवून डिस्क थंड होऊ देतात.

== धोक्याची लक्षणे ==

थरथरीसोबत पेडल खोल जाणे, गाडी एका बाजूला ओढली जाणे, जळका वास येणे किंवा कंपन अचानक वाढणे ही तत्काळ थांबण्याची लक्षणे होत. अचानक सुरू झालेल्या कंपनात चाकाचे नट ढिले झालेले असण्याची शक्यता प्रथम तपासली जाते, विशेषतः नुकतेच चाक काढले असेल तर. याउलट कोकणातील पावसाळ्यात रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या डिस्कवर गंजाचा पातळ थर येतो. सकाळी पहिल्या काही ब्रेकना होणारी खरखर त्याची असते व लगेच नाहीशी होते. गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहिल्यास पॅडखालची जागा मात्र वेगळी गंजते आणि तो डाग सहजासहजी जात नाही.