मातीचं बूच

हॅरिस पुलाच्या दापोडीकडच्या टोकाला तुम्ही उभे आहात. खाली मुळा, तिच्या तळाशी काळा कातळ. डोळे मिटा. हॉर्न विरतात, पूल विरतो, नदीही उरत नाही. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा लाव्हा समोर निवतोय आणि निवताना भेगाळतोय. त्या भेगा नीट बघून ठेवा. आपल्याकडे बोअरला पाणी लागतं ते असल्याच भेगांतून.

आता १९८० चं दशक. कोलारची सोन्याची खाण, १००० मीटर खाली. सोडून दिलेल्या एका भागात भाभा अणुसंशोधन केंद्राच्या मंडळींनी खडकात विजेचे हीटर बसवलेत. किरणोत्सारी असं इथे काहीच नाही. पुरलेल्या अणुकचऱ्याच्या उष्णतेनं कातळाचं काय होईल, ते आठ वर्षं मोजायचं. भिंतीला हात लावा. मग वर बघा: ज्या शाफ्टमधून पाळणा तुम्हाला खाली घेऊन आला, पाण्यालाही तोच रस्ता मोकळा. २००१ मध्ये खाण बंद झाली, पंप थांबले आणि बोगदे पाण्यानं भरत गेले.

खाली अणुकचरा पुरायचा, तर पाण्याचा हा रस्ता कसा बुजवाल? सुरुंग लावून खोदताना भोवतालचा खडकही बारीक तडकतो. नुसतं काँक्रीट ओतलं, तर पाणी त्याच्या कडेनं झिरपतं. म्हणून बेंटोनाइट, पायलिंगवाले खड्ड्याच्या भिंती ढासळू नयेत म्हणून वापरतात तीच माती. दाबून केलेल्या तिच्या विटा ओल्या झाल्या की फुगतात आणि फटी भरून काढतात. तिला जागेवर धरायला काँक्रीटचे अडसर. कचऱ्याच्या पोलादी डब्यांपेक्षा माझा भरवसा या मातीवर जास्त आहे. लाखो वर्षं जमिनीत टिकून ती आपल्या हाती आलीय.

क्षणभर तारापूरला थांबा. जहाल कचरा काचेत मुरवून पोलादी डब्यांत बंद केलाय, हवेनं थंड होत राखणीत आहे. खोल भूगर्भातली त्याची कायमची जागा भारतात अजून झालेली नाही. त्या काचेत प्लुटोनियमचा थोडा अंश उरतोच आणि प्लुटोनियम-२३९ निम्मं व्हायला २४,१०० वर्षं लागतात.

तर २४,१०० वर्षं पुढे चला. बुजवलेल्या एका शाफ्टवर गवत माजलंय. पाटी कुठेच नाही. असती तरी कोण वाचणार? कार्ल्याचे ब्राह्मी लेख जेमतेम दोन हजार वर्षांचे, ते आपल्यातल्या कितीजणांना वाचता येतात? पलीकडे विहीर आहे. एक मुलगी पोहरा वर ओढते, काहीतरी विचारते. तिची भाषा तुम्हाला कळत नाही.

तुम्ही ओंजळ पुढे करता.