३३ व्होल्टांची हद्द

ऑसिलेटरला संदर्भ सिग्नलच्या तालावर धरून ठेवणाऱ्या फेज-लॉक्ड लूपचा, म्हणजे पीएलएलचा इतिहास १९३२ सालच्या आंरी द बेलसीझ यांच्या सिंक्रोनस रेडिओग्रहणापासून सुरू होतो. पुढे फ्लॉइड गार्डनर यांच्या १९६६ च्या ‘फेजलॉक टेक्निक्स’पर्यंत चर्चा रंगते ती गणिताची. माझ्या मते या सर्किटचे आजचे रूप गणिताइतकेच एका रुक्ष मर्यादेने घडवले: ऑसिलेटरचे नियंत्रण व्होल्टेज किती खाली आणि किती वर जाऊ शकते. हवी ती वारंवारता या पट्ट्याबाहेर पडली, की व्होल्टेज टोकाला जाऊन चिकटते. मग लूपमधला फिल्टर कितीही निगुतीने बेतलेला असो, लॉक मिळत नाही. ढळढळीत पुरावा जुन्या टीव्हीच्या ट्यूनरमध्ये आहे. तिथल्या ऑसिलेटरची वारंवारता सरकवणाऱ्या व्हॅरॅक्टर डायोडची धारिता उलट्या व्होल्टेजने बदलते. पण ते शून्याजवळ आले की ऑसिलेटरचाच सिग्नल डायोडला क्षणभर सुलट वाहायला लावतो, आणि वरच्या टोकाला तेवढ्याच बदलासाठी जास्त व्होल्ट मोजावे लागतात. पूर्ण यूएचएफ पट्टा कवेत घ्यायला सुमारे ३० व्होल्ट लागत, म्हणून ट्यूनरला ३३ व्होल्टांचा वेगळा पुरवठा आणि तो स्थिर ठेवायला टीएए५५० सारखी खास आयसी. पुढे ५ व्होल्टांचे पीएलएल आले तरी हा पुरवठा हटला नाही. शिवाय पुरवठ्याचा प्रत्येक व्होल्ट नियंत्रणाच्या कामी येतो असेही नाही: ७४एचसी४०४६ए या पीएलएल चिपला ४.५ व्होल्ट दिले, तर तिच्या ऑसिलेटरला चालणारा पट्टा फक्त १.१ ते ३.४ व्होल्टांचा.

यावर कोणी म्हणेल, ऑसिलेटरच अधिक संवेदनशील करा, थोड्या व्होल्टेजमध्ये मोठा पट्टा मिळेल. मिळतो, पण नॉइजच्या मोबदल्यात. व्होल्टमागे १०० मेगाहर्ट्झ सरकणारा ऑसिलेटर एका मायक्रोव्होल्टच्या खळबळीने १०० हर्ट्झ हलतो, आणि एवढी खळबळ फिल्टरमधला साधा रेझिस्टरही करतो. म्हणून चिपवर पुरवठा घटला तेव्हा डिझायनरांनी पट्ट्याचेच तुकडे केले. स्विचने जोडायचे कपॅसिटर आधी ढोबळ वारंवारता निवडतात, नियंत्रण व्होल्टेज मधल्या सुरक्षित भागात राहून उरलेले सांभाळते. पूर्ण डिजिटल पीएलएलमध्ये तर नियंत्रण व्होल्टेजच नसते, मग मर्यादा कुठली, हा दुसरा आक्षेप वरवरचा आहे. तिथे ऑसिलेटरला जाणाऱ्या आकड्यालाही दोन टोके असतातच. आणि तुकडे पाडूनही धोका संपत नाही, कारण थंड असताना निवडलेला तुकडा चिप तापल्यावर अपुरा पडू शकतो. तेव्हा टेबलावर लॉक मिळाले म्हणून डिझाइन हातावेगळे करू नका. तापमानाच्या दोन्ही टोकांना नियंत्रण व्होल्टेज मोजून पाहा.