आकाशातली उसनवारी

इतिहास म्हटला की लोकांना तलवारी आठवतात, मला खतावणी आठवते. बी.कॉम. होऊन बँकेत चिकटलेल्या माणसाचं हे असंच व्हायचं. पानिपतावर मंडळी शौर्याबद्दल बोलतात. मी आपला भाऊसाहेबांच्या दाणागोट्यापाशी अडतो. म्हणूनच १९८२ सालच्या फॉकलंड युद्धातलं एक उड्डाण मला भारी आवडतं. त्यात बॉम्ब आहेत, पण खरी गोष्ट आहे ती उसनवारीची.

झालं असं, की २ एप्रिल १९८२ रोजी अर्जेंटिनाने फॉकलंड बेटं घेतली. बेटं ब्रिटिशांची, पण ब्रिटनपासून पार पृथ्वीच्या तळाशी. तिथल्या पोर्ट स्टॅन्लीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकायचे ठरले. सगळ्यांत जवळचा ब्रिटिश तळ म्हणजे असेन्शन बेट, आणि हे 'जवळचं' बेट होतं सव्वासहा हजार किलोमीटरवर! तिथल्या विमानतळाचं नाव वाइडअवेक, म्हणजे टक्क जागा. रात्रभर कलकलाट करणाऱ्या एका समुद्रपक्ष्याचं हे नाव. पुढे वैमानिकांनीही ते सार्थ केलं.

विमान निवडलं व्हल्कन. रशियावर अणुबॉम्ब टाकण्यासाठी बांधलेलं आणि आता सेवानिवृत्तीच्या उंबरठ्यावर आलेलं. हवेत दुसऱ्या विमानाकडून इंधन घ्यायची त्याची सवय कित्येक वर्षांपूर्वीच मोडली होती. इंधन घ्यायच्या नळ्यासुद्धा कमी पडल्या, तेव्हा संग्रहालयात ठेवलेल्या व्हल्कनच्या काढून आणाव्या लागल्या. निवृत्त माणसाच्या घरी जाऊन त्याची कवळी मागून आणावी, तसा प्रकार.

आता हिशेब ऐका. जाऊन-येऊन साडेबारा हजार किलोमीटर. एवढं इंधन व्हल्कनच्या पोटात मावत नाही. म्हणून वाटेत इंधन पाजायला व्हिक्टर जातीची टँकर विमानं. पण व्हिक्टर तरी एवढ्या लांब जाऊन परत कसं येणार? तर त्याला पाजायला दुसरं व्हिक्टर. त्याला पाजायला तिसरं. म्हणजे कर्ज देणाऱ्याला कर्ज, त्याला पुन्हा कर्ज! आमच्याकडे असा प्रस्ताव आला असता तर मॅनेजरसाहेबांनी चष्मा काढून अर्जदाराकडे नुसतंच पाहिलं असतं.

३० एप्रिलच्या रात्री एका मिनिटाच्या अंतराने ११ व्हिक्टर आणि २ व्हल्कन उडाली. एका व्हिक्टरची इंधनाची नळीच बाहेर येईना. मुख्य व्हल्कनची खिडकी नीट बसेना, त्यामुळे आत हवेचा दाब राहीना. ते परतलं. राखीव म्हणून निघालेले मार्टिन विदर्स एकाएकी मुख्य झाले. राखीव खेळाडूने पॅड बांधावेत, पण चहाही सांगून ठेवावा, अशी आपली रीत असते. विदर्सना चहा सोडावा लागला.

शिवाय व्हल्कन ठरल्यापेक्षा फारच जास्त पिऊ लागलं. एकवीस बॉम्ब पोटात, प्रत्येक १,००० पौंडांचा. वजन मर्यादेबाहेर, आणि टँकरांबरोबर राहायचं म्हणून उंची आणि वेगही सोयीचा नाही. एकेक व्हिक्टर आपली थैली रिकामी करून माघारी फिरत होतं. शेवटी व्हल्कनबरोबर दोनच उरली. त्यांतलं एक बॉब टक्सफर्ड यांचं. त्यांनी आपलं इंधन दुसऱ्या व्हिक्टरला देऊन परतायचं होतं. पुढे जाणार होतं ते दुसरं. पण नेमकं देण्याघेण्याच्या वेळी वादळ लागलं आणि घेणाऱ्याची नळी तुटली. मग टक्सफर्डनी दिलेलं परत घेतलं आणि स्वतः पुढे निघाले.

शेवटचा भरणा करायची वेळ आली तेव्हा आकडा स्वच्छ दिसत होता. व्हल्कनला गरजेपुरतं द्यायचं, तर स्वतःला असेन्शन गाठण्याइतकं उरत नाही. नाही दिलं, तर ती सगळी रात्र आणि एवढी विमानं फुकट. टक्सफर्डनी विमानातल्या चौघा सहकाऱ्यांना विचारलं. सगळे म्हणाले, द्या. तारण नाही, जामीन नाही. आणि मदत मागायचीही सोय नाही, कारण बॉम्ब पडेपर्यंत रेडिओवर बोलायचं नाही. खाली अटलांटिक.

दिलं तेही ठरल्यापेक्षा कमीच होतं. तरी विदर्स गेले. पहाटेच्या अंधारात १०,००० फुटांवरून त्यांनी एकवीस बॉम्ब धावपट्टीवर तिरक्या रेषेत सोडले. सरळ रेषेत सोडावेत आणि जरा चूक होऊन सगळेच बाजूला पडावेत, त्यापेक्षा तिरक्या ओळीतला एक तरी लागेल, हा त्यातला हिशेब. तो तंतोतंत खरा ठरला. एकच लागला!

मग विदर्सच्या विमानातून सांकेतिक शब्द आला, 'सुपरफ्यूज'. परतीच्या वाटेवर इंधनाच्या काट्याकडे बघत बसलेल्या टक्सफर्डनी तो ऐकला आणि तेव्हाच टँकर मागितला. टँकर वेळेवर भेटला. १४ तासांनी ते उतरले. विदर्स जवळजवळ १६ तासांनी.

ताळेबंद मांडाल तर जमा बाजूला धावपट्टीला पडलेला एक मोठा खड्डा. अर्जेंटिनाने तो बुजवला, वर मातीचे ढीग रचून खोटे खड्डेही दाखवले आणि त्यांची हर्क्युलिस विमानं युद्ध संपत येईपर्यंत तिथे उतरत राहिली. त्याच सकाळी 'हर्मीस' नौकेवरून उडालेल्या सी हॅरियरांनीही तिथे बॉम्ब टाकले, आणि तेही थोडक्या तेलात. (ही हर्मीस पुढे आपण विकत घेतली आणि १९८७ साली ती 'विराट' झाली. जुना माल, पण तीस वर्षं चालला. याला म्हणतात खरेदी.) पैशांच्या भाषेत हा व्यवहार मला काही केल्या पटत नाही. पण त्या शेवटच्या भरण्यापाशी आलो की माझी पेन्सिल थांबते.

विदर्सना डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस मिळाला, टक्सफर्डना एअर फोर्स क्रॉस. पहिलं पदक शत्रूविरुद्धच्या उड्डाणासाठी, दुसरं शत्रूविरुद्ध नसलेल्या. म्हणजे सरकारी खतावणीप्रमाणे टक्सफर्ड त्या रात्री लढाईवर नव्हतेच!