ढालीवरचा निळा आपल्या बाजूचा, लाल मात्र नाही

बाराव्या शतकात पश्चिम युरोपातले सरदार ढालींवर आपापली कुलचिन्हं रंगवू लागले. लांबून ओळखू यावीत म्हणून एक नियमही रूढ झाला. सोनेरी आणि रुपेरी हे ‘धातू’, बाकीचे ‘रंग’. धातूवर धातू नको, रंगावर रंग नको. या रंगांची जुनी फ्रेंच नावं इंग्रजी राजचिन्हांत आजही चालतात.

निळ्याला म्हणतात ‘अ‍ॅझ्युअर’. हा शब्द थेट आपल्या शेजारचा. अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींत लाजवर्द हा निळा दगड मिळतो. फारसीतून अरबीत, तिथून युरोपात हे नाव गेलं. वाटेत आरंभीचा ‘ल’ लोकांना उपपद वाटला आणि गळून पडला.

लालला म्हणतात ‘ग्यूल्स’. आता आपल्याला लगेच गुलाब आठवतो, नाही का? फारसी ‘गुल’ म्हणजे फूल. युरोपातही पूर्वी हीच व्युत्पत्ती सांगत. पण बहुतेक अभ्यासक आज ती मानत नाहीत. जुन्या फ्रेंचमध्ये या शब्दाचा अर्थ घसा. गळ्याशी लावायच्या, लाल रंगवलेल्या फरच्या पट्ट्यांवरून तो रंगाला चिकटला.

हिरव्याची गंमत आणखी वेगळी. इंग्रजीत तो ‘व्हर्ट’, फ्रेंचमध्ये ‘सिनोपल’. सिनोप हे काळ्या समुद्रावरचं, आजच्या तुर्कस्तानातलं बंदर. तिथून येणारी माती होती लाल! त्यामुळे सिनोपल म्हणजे आधी लालच. मध्ययुगाच्या उत्तरार्धात तोच शब्द हिरव्यासाठी रूढ झाला.

1877च्या दिल्ली दरबारात व्हाइसरॉय लिटनने आपल्या संस्थानिकांना युरोपीय धाटणीची कुलचिन्हं असलेली निशाणं दिली. ती रॉबर्ट टेलर या बंगालच्या सनदी अधिकाऱ्याने रचली होती. ज्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या स्वतःची निशाणं होती, त्यांच्या ढालींचं वर्णन आता परक्या परिभाषेत होऊ लागलं. त्या परिभाषेत ‘अ‍ॅझ्युअर’ही होता. बदख्शानचा लाजवर्द फ्रान्स-इंग्लंड फिरून दिल्लीत आला, पण त्याला ओळखणार कोण?

म्हणून दोन्ही गोष्टी लक्षात ठेवू. जे खरोखर आपल्याकडून गेलं, ते ठामपणे सांगायचं. आणि जे नुसतं कानाला आपलं वाटतं, ते सोडून द्यायचं. ‘ग्यूल्स’मध्ये गुलाब नाही, हे कबूल केलं तरच ‘अ‍ॅझ्युअर’मधल्या लाजवर्दवर लोक विश्वास ठेवतील.