काळी माती, मुरूम आणि खडी : दख्खनच्या रस्त्यांची गोष्ट

१/१२
आंबेगाव तालुक्यातील अवसरी खुर्द हे गाव मंचरजवळ, पुणे-नाशिक रस्त्याच्या परिसरात वसले आहे. २००९ साली येथे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. मात्र स्थापत्यशास्त्र शिकवणारी संस्था येथे येण्याच्या कितीतरी शतके आधीपासून या भूमीने माणसापुढे एक प्रश्न ठेवला होता : पायाखाली जे आहे त्यातूनच रस्ता कसा बांधावा?

२/१२
दख्खनचे पठार सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांनी बनले आहे. त्या काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसाल्टची, ऊन-पावसाने झीज होत गेली. म्हणून येथे वर काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि तळाशी अभंग खडक असा क्रम अनेक ठिकाणी आढळतो. विहीर खणणाऱ्यांना हा क्रम तोंडपाठ असतो. रस्त्याचा सारा इतिहास या तीन थरांत सामावला आहे.

३/१२
काळी माती शेताची माय आणि रस्त्याची वैरीण. तिच्यातील चिकणमातीचे कण पाणी शोषून फुगतात आणि सुकले की आकसतात. त्यामुळे पावसाळ्यात चाके रुततात, तर उन्हाळ्यात जमिनीला हातभर भेगा पडतात. मराठ्यांच्या मोहिमा दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघत, त्यामागे भरलेल्या नद्यांइतकाच हा चिखलही कारणीभूत होता.

४/१२
जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहनकाळी वेगळे उत्तर सापडले. सह्याद्रीच्या एका नैसर्गिक नाळेतच दगड रचून व कातळ फोडून वाट तयार झाली. जुन्नरचा व्यापार याच वाटेने कल्याण-सोपाऱ्याकडे उतरे. घाटमाथ्यावरील लेण्यात नागनिका राणीचा लेख आहे, आणि जवळच जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण. ही वाट खुरांसाठी होती. लदलेल्या बैलाला पायऱ्या चालतात, गाडीच्या चाकाला चालत नाहीत.

५/१२
चाकांची गरज वाढली ती पेशवाईच्या अस्तानंतर. तोफा, टपाल आणि कापूस यांच्या वाहतुकीसाठी कंपनी सरकारला गाडीरस्ते हवे होते. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत, १८३० साली, बोरघाटातील गाडीरस्ता खुला झाला आणि मुंबई व पुणे चाकांनी जोडले गेले.

६/१२
त्याच काळात ब्रिटनमध्ये जॉन लाउडन मॅकॅडम यांची पद्धत रूढ होत होती. एकही दगड ६ औंसांहून, म्हणजे सुमारे १७० ग्रॅमहून, जड नसावा असा त्यांचा दंडक होता. हातोडीने फोडलेल्या दगडाच्या कडा धारदार असतात, म्हणून दाबाखाली ते तुकडे एकमेकांत घट्ट अडकतात. नदीतील गोटे गुळगुळीत असल्याने निसटतात. रस्त्यासाठी दगड फोडावाच लागतो, तो यामुळे.

७/१२
दख्खनमध्ये या पद्धतीला मुरमाची जोड मिळाली. तळाशी मुरूम, त्यावर खडी, खडीच्या फटींत पुन्हा बारीक मुरूम, मग पाणी आणि रूळ. मुरमात चिकणमाती जास्त असेल तर पावसात राड होते आणि फार कमी असेल तर उन्हात खडी सुटते. चांगला मुरूम ओळखणे हे मुकादमाच्या हाताचे आणि डोळ्याचे ज्ञान होते. कोकणात बेसाल्टच्या जोडीला जांभा मिळे. तो कापायला सोपा आणि भिंतींना उत्तम, पण लोखंडी धावांखाली लवकर भुगा होणारा.

८/१२
ही खडी फोडली कोणी? १८७६-७७ च्या दुष्काळात दख्खनमधील हजारो शेतकरी कुटुंबे सरकारी कामांवर खडी फोडू लागली. सर रिचर्ड टेंपल यांच्या धोरणानुसार पुरुष मजुराच्या रोजीत धान्याचा हिशेब अवघा १ पौंड, म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम, धरला गेला. उपाशी मजुरांनी कामावर जाण्यास नकार दिला. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारदरबारी मांडली.

९/१२
विसाव्या शतकात मोटारी आल्या आणि जुने तंत्र उघडे पडले. बैलगाडीची धाव खडी दाबत असे, तर वेगाने धावणारे रबरी चाक फटींतील मुरूम उपसून धुळीत उडवू लागले. डांबराची निकड यातून वाढली. १९२७ साली नेमलेल्या रस्ते विकास समितीचे अध्यक्ष बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते. पुढे १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली, आणि १९४३ मध्ये नागपूरला जमलेल्या मुख्य अभियंत्यांनी देशाचा वीस वर्षांचा रस्ते आराखडा मांडला.

१०/१२
हातोडी मात्र सुटली नाही. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्र पुन्हा खडी फोडायला बसला. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. सुकडी खाऊन दिवस काढलेली ती पिढी आजही गावोगाव भेटते. कित्येक ठिकाणी फोडलेल्या खडीचे ढीग वापराविना पडून राहिले. माणसाच्या श्रमातून टिकाऊ काही उभे राहावे, म्हणून पाझर तलाव आणि बंडिंगच्या कामांचा आग्रह वाढला.

११/१२
या अनुभवातून रोजगार हमी योजनेला बळ मिळाले. वि. स. पागे यांनी तिची कल्पना आधीच मांडली होती. १९७७ मध्ये कायदा संमत झाला आणि १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम हे तत्त्व २००५ च्या राष्ट्रीय कायद्याने देशभर नेले. खैरात म्हणून मिळणारी हातोडी हक्क म्हणून मिळू लागली, त्याला एका शतकाहून अधिक काळ लागला.

१२/१२
आज खडी यंत्रावर फुटते, आणि काळ्या मातीत चुना मिसळून तिचे फुगणे आटोक्यात आणता येते. खाणींमुळे डोंगर झिजतात, तो नवा हिशेब आहे. परंतु जुन्या रस्त्याचा एखादा खचलेला कडा पाहिला, तर डांबराखाली खडी, खडीखाली मुरूम आणि मुरमाखाली काळी माती दिसते. त्या खडीवर बसलेले घाव कोणाच्या हातचे होते, याची नोंद कोणत्याही शिलालेखात नाही.